मोंबासाला निघालेली पायपेटी

नवापूरच्या किनाऱ्यावर बैलगाडी ओल्या वाळूत रुतली, तशी मंदा खाली उतरली आणि गाडीतलं गवत बाजूला सारू लागली. गवताखाली तिच्या वडिलांची पायपेटी होती. पायाने भाता मारून वाजवायची, छोट्या कपाटाएवढी, चार गड्यांनी उचलावी अशी. समोर पाण्यात धर्माजी तांडेलाचा मचवा उभा होता. गवताच्या भाऱ्यांनी भरलेला तो मचवा भरती उतरायच्या आत मुंबईला निघणार होता.

मंदा मोंबासाला नवऱ्याकडे चालली होती. वडील गेल्यापासून घरात पेटी वाजवणारी ती एकटीच, आणि पेटी मागे ठेवायची नाही हे तिने कुणाला न विचारता ठरवलं होतं. बोईसर स्टेशनात पार्सलवाल्यांनी जाड लाकडी खोका मागितला, म्हणून मुंबईपर्यंत तिने मचवा ठरवला. मुंबईच्या एका दलालाने सांगितलेल्या भाड्यात मोंबासाला तशा दोन पेट्या विकत मिळाल्या असत्या. मग ती स्वतःच आगबोटीच्या कचेरीत जाऊन खिडकीवर उभी राहिली. तिथे कळलं, की भाडं वजनावर नाही, सामान किती जागा अडवतं त्यावर आकारतात. तिने पेटीचे पाय काढले, भात्याच्या आजूबाजूच्या पोकळीत साड्या आणि चार भांडी ठासून भरली. ट्रंक घेतलीच नाही. तरीही पैसे कमी पडत होते. नवऱ्याने केबिनसाठी पैसे पाठवले होते. तिने डेकचं तिकीट काढलं, आणि उरलेल्यात पेटीची सोय झाली.

ही डेकची गोष्ट तिच्या थोरल्या भावाला, कमलाकांतला, त्याच सकाळी बायकोकडून कळली. तो घिवलीहून सायकल हाणत आला. सायकल वाळूत टाकली आणि गाडीत पेटीला टेकून बसला. धाप ओसरल्यावर त्याने सांगितलं, की पालघरच्या भजनी मंडळाला पेटी द्यायचा शब्द त्याने दिला आहे, आणि खाऱ्या वाऱ्याने तिचे सूर सडतील ते वेगळंच. पण त्यासाठी तो एवढा धावत आला नव्हता.

"उघड्यावर, परक्या बाप्यांत झोपणार तू?" तो हळूच म्हणाला. "गावात मी काय सांगू?"

"सांग, केबिनीत मंदा मावत होती, पेटी मावत नव्हती."

धर्माजी कमरेपर्यंत भिजलेला, आपले खलाशी घेऊन गाडीपाशी आला होता. बहीणभावांचं बोलणं ऐकून तो थांबला. त्याने खलाशांना हातानेच मागे सारलं.

"भाव हो बोलू दे, आमी उचलतो," तो मंदाला म्हणाला. "नायतर माझ्यान नाय होणार, बाय. उद्या मला याच किनाऱ्यावर यायचं हाय."

खलाशी मचव्याकडे परतले. पाणी अजून थोडं चढत होतं, मग ते उतरायला लागणार होतं. मंदाने भावाची विनवणी केली नाही, धर्माजीचीही नाही. तिने पदर कमरेला खोचला, पेटीला बांधलेला काथ्याचा दोर हाताला गुंडाळला आणि मागे रेलून ओढला. पेटी वीतभर सरकली. दोर सुटला, तळहाताची साल निघाली. तिने दोर पुन्हा गुंडाळला. कमलाकांतने तिच्या हाताकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं, पण तो जागचा उठला नाही.

थोड्या अंतरावर कोळणी काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. त्यांतली पारू रोज घिवलीला मासळी घेऊन जायची, मंदाच्या घरीही जायची. आत पेटी चालू असली की पाटी डोक्यावरून न उतरवता मागच्या दारी उभी राहायची, आणि गाणं संपल्यावरच हाक मारायची. तिने हात लुगड्याला पुसले आणि गाडीकडे चालू लागली. तिने कुणाला बोलावलं नाही. तरी तिच्यामागून एकेक करत बाकीच्याही आल्या, डोक्यावरच्या चुंबळी तशाच ठेवून.

पारूने पेटीचा एक कोपरा उचलून वजनाचा अंदाज घेतला. मग कमलाकांतकडे वळली.

"भाव, तुमी उतरा. तुमचं ओझं आमी नाय न्यायचो."

एक बाई फस्सकन हसली. कमलाकांत उतरला. त्याला कुणी ढकललं नव्हतं, पण एवढ्या बायकांच्या मधोमध बसून राहणं त्याला जमलं नाही.

बायकांनी पेटी गाडीतून ओढून खांद्यावर घेतली. मंदा मागच्या कोपऱ्याला होती. पाणी गुडघ्यांना लागलं, मग कमरेला. एक मोठी लाट आली तशी पेटी डावीकडे कलली आणि आतली भांडी खडखडली. पारूने जोरात काहीतरी म्हटलं, आणि सगळ्यांनी एकदम पेटी खांद्यावरून डोक्यावर घेतली. लाट त्यांच्या छातीवरून निघून गेली. पेटीचा तळ तेवढा ओला झाला.

धर्माजी मचव्याच्या काठावर उभा राहून हे सगळं बघत होता. पेटी जवळ आली तेव्हा त्याने क्षणभर किनाऱ्याकडे पाहिलं, मग गुडघे टेकून दोन्ही हात खाली घातले. त्याचं बघून खलाशीही वाकले. पेटी गवताच्या भाऱ्यांवर चढली. तिच्यामागून मंदाला पारूने खालून रेटा देऊन वर चढवलं.

कमलाकांत वहाणांसकट पाण्यात आला होता. धोतर पोटऱ्यांपर्यंत भिजलं होतं. आता त्याच्या आवाजात राग उरला नव्हता.

"मंदे, तिकडं तुझं कोण हाय?" तो ओरडून म्हणाला. "नवरा कामावर असेल. बंदरात हे धूड उतरवील कोण?"

मंदा गवतावर निथळत बसली होती. खाली पाण्यात बायका अजून मचव्याला हात लावून उभ्या होत्या.

"तिथंपण बायका असतील, दादा," ती म्हणाली.