दोन सारख्या बरण्या

सुनेने हौसेने आणलेल्या दोन नव्या बरण्या ओट्यावर शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीत मीठ, एकीत साखर. दोन्ही बारीक, दोन्ही पांढरीशुभ्र. सासरेबुवांनी एकीत बोट बुडवून जिभेला लावलं, मग दुसरीत. जीभ ढिम्म.

मागच्या तापात तोंडाची चव गेली, नाकाला वास येईनासा झाला, हे त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. कळतं तर मुलाने गॅसच्या आसपासही फिरकू दिलं नसतं. सकाळचा चहा तेवढा त्यांच्या हातात उरला होता, आणि तो ते कुणाला देणार नव्हते.

जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस दोन बरण्यांपुढे हात टेकतो होय? त्यांनी टॉर्च मोडून सेल, बल्ब आणि तारा जोडल्या. दोन कप पाण्यात दोन्ही बरण्यांतली पूड वेगवेगळी कालवली. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, साखरेच्या नाही. पहिल्या कपात बल्ब लागला नाही. दुसऱ्यातही नाही. म्हणजे घरात मीठच नाही! मग लक्षात आलं, सेलच मेलेले.

राहता राहिली उष्णता. त्यांनी तवा तापवला आणि दोन बाजूंना दोन चिमटी टाकल्या. एक जागची हलली नाही. दुसरी वितळली, तांबूस झाली, काळी पडली आणि धुमसू लागली. सासरेबुवा हरखून बघत राहिले.

सून खोकत धावत आली.

"अहो बाबा, केवढा करपल्याचा वास! तुम्हाला येत नाहीये?"

"येतोय की," सासरेबुवांनी जोरात श्वास ओढला. "प्रयोगात यायलाच हवा."

सुनेने तव्याकडे पाहिलं, तारांकडे पाहिलं, उघड्या बरण्यांकडे पाहिलं. काय ते ती समजली. तिला फार वाईट वाटलं. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि तवा उचलून सिंकमध्ये ठेवला.

"चहा टाकताय ना, बाबा?"

सासरेबुवांना हुरूप आला. आधण ठेवता ठेवता त्यांचा तासच सुरू झाला. "मीठ हे आयनिक. कण एकमेकांना घट्ट धरून बसतात, असल्या आचेला दाद देत नाहीत. साखर सहसंयुज. तिचे रेणू लगेच सैल पडतात. तुझ्या नवऱ्याला किती वेळा शिकवलं, पण त्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ!"

चहा कपांत ओतला. बोलण्याच्या भरात त्यांनी साखरेचा चमचा भरला, हवेत नाचवला, आणि होता तसा परत बरणीतच रिकामा केला. मग झाकण लावून दोन्ही कप मनापासून ढवळले.

सुनेने सगळं पाहिलं. कप उचलला आणि घोट घेतला.

"गोड झालाय ना?" त्यांनी तिच्या तोंडाकडे बघत विचारलं.

"झालाय की."

सासरेबुवांनी आपल्या कपातला मोठा घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि जाणत्या माणसासारखी मान हलवली.

"मला तर जरा जास्तच वाटतोय."

"मग उद्या अर्धा चमचा कमी घाला, बाबा," सून म्हणाली, आणि तिने कप तळापर्यंत रिकामा केला.