डावा अंगठा

"ही आईंची शाल, हा चष्मा." खोतबाईंनी पिशवी मृदुलाच्या हातात दिली. आईचं तेरावं उरकून ती वृद्धाश्रमात सामान न्यायला आली होती. ज्यांना स्वतःचं म्हणणं मांडता येत नाही त्यांच्या वतीने खोतबाई दर गुरुवारी इथे येऊन व्यवस्थापकांशी भांडत, तेही बिनपगारी.

"पक्षाघातानंतर आईकडे 'बरं' हा एकच शब्द उरला होता," मृदुला म्हणाली. "तुम्हाला तिच्या मनातलं कसं कळायचं?"

"अहो, दुधीच्या भाजीलाही 'बरं'च म्हणायच्या! तीन गुरुवार नुसती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत बसले, तेव्हा समजलं. पंजा उघडा असला की हो. अंगठा मुठीत दाबला की नको. मग ती भाजीच बंद करायला लावली."

मृदुलाला हसू आलं आणि अर्ध्यावरच थांबलं.

दाखल करायच्या दिवशी तिने विचारलं होतं, "इथे राहशील ना, आई?"

"बरं," आई म्हणाली होती. मग संमतीपत्रावर डावा अंगठा हवा होता. बोटं आखडली असतील असं समजून, आईच्या घट्ट मुठीतला अंगठा मृदुलानेच हळूच सोडवून घेतला होता.