नवा माणूस मिळेपर्यंत

महाराजांनी कागदांची चळत टेबलावरून पुढे सरकवली आणि पंतप्रधान मन्सूर बाहारींना स्वतःच बघून घ्यायला सांगितलं. दोनशे बावीस खासदारांपैकी एकशे चौदा जणांनी लिहून दिलं होतं, की आमचा या माणसावर आता विश्वास नाही.

मन्सूर एकेक कागद उलटत गेला. बहुतेक नावांचा त्याला अंदाज होताच. शेवटाकडे एका कागदावर त्याचा हात थांबला. खाली सुहैमीची, त्याच्या शाळेपासूनच्या मित्राची सही होती, शेवटचं अक्षर वर चढवलेली. शाळेच्या वहीवरही तो अशीच करायचा.

सुहैमी या घडीला राजवाड्याच्या पोर्चमध्ये मन्सूरच्याच गाडीत बसला होता. सकाळी आपणहून घरी आला होता. वाटेत दोघांनी भात आणि माशाचं कालवण घेऊन एकाच पुड्यातून खाल्लं होतं.

संसद बरखास्त करून निवडणूक मागायची आहे का, असं महाराजांनी विचारलं. मागायचा हक्क तुमचा, द्यायची की नाही ते मी ठरवीन, असंही सांगितलं. मन्सूर तेच मागायला आला होता. पत्र खिशात होतं. पण पूर्वेकडच्या राज्यांत पुराचं पाणी अजून उतरलं नव्हतं. जिथे मतपेट्या ठेवायच्या, त्या शाळांमध्ये माणसं चटया टाकून राहत होती. गेला आठवडाभर हे माहीत असून त्यानं तिकडे बघायचं टाळलं होतं. आता सुहैमीचा कागद हातात असताना ते पत्र काही बाहेर निघेना. तो म्हणाला, मी राजीनामा देतो, महाराज.

"नवा माणूस मिळेपर्यंत तुम्हीच काम बघा," महाराज म्हणाले. "मोठं काही ठरवू नका."

गाडीत बसल्यावर मन्सूरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. काय झालं, असं सुहैमीनं विचारलं नाही.

"सही अजून तशीच करतोस," मन्सूर म्हणाला.

सुहैमीनं खिडकीबाहेर बघितलं. मग हळूहळू बोलू लागला. आपल्या भागातल्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीची फाईल घेऊन तो तीनदा पंतप्रधानांच्या कचेरीत आला होता. तिन्ही वेळा त्याला बाहेर चहा मिळाला. चौथ्यांदा यायच्या आत बंधारा फुटला. त्याच्या मतदारसंघातली सात माणसं गेली, त्यात दोन शाळकरी मुली.

"मला कुणी सांगितलंच नाही रे."

"तेच तर."

"मग आज बरोबर कशाला आलास?"

"तुला एकट्याला कसं जाऊ देणार?" सुहैमीनं रुमाल काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

फाईल कुठे आहे, असं मन्सूरनं विचारलं. तुझ्याच टेबलावर असेल, सुहैमी म्हणाला. उरलेला अर्धा बंधारा अजून वाचवता येईल, आज सही झाली तर उद्या माणसं कामाला लागतील.

"आजपासून मला नाही करता येणार," मन्सूर म्हणाला. "राजीनामा दिलाय. मोठं काही ठरवायचं नाही, असं महाराजांनी सांगितलंय."

गाडी मोठ्या चौकाशी आली. पुढच्या मोटारसायकलवाल्या पोलिसांनी नेहमीसारखी चारी बाजूंची वाहतूक अडवून धरली होती. भर दुपारी शेकडो दुचाक्या खोळंबल्या होत्या. एका बाईनं मागे बसलेल्या पोरीच्या डोक्यावर पिशवी धरली होती.

मन्सूरनं चालकाला गाडी थांबवायला सांगितली. आधी त्यांना जाऊ दे, म्हणाला. चालकानं आरशातून एकदा बघितलं आणि गाडी थांबवली.

समोरचा पोलीस मात्र हात आडवा धरून तसाच उभा राहिला, पंतप्रधानांची गाडी पुढे निघायची वाट बघत. गाडी निघेना, आणि तो हात खाली करीना. उन्हात सगळे जागच्या जागी उभे होते.