रंगाऱ्याची खोड

दवाखान्यातून घरी आणून तासही झाला नव्हता, तोच रंगाऱ्याला पुन्हा धाप लागली. पलंगाच्या कडेवर दोन्ही हात टेकून, खांदे कानापर्यंत चढवून तो हवा ओढत होता. छातीत शिट्टी वाजत होती.

"तिथे मशीनची वाफ घेतली की हे ठणठणीत," बायको म्हणाली. "घरात पाऊल टाकलं की सुरू. नणंदबाई म्हणतात, वहिनी, घरात जाच असेल काही. ऐकून घ्यायचं मी!" भीती वाटली की ती अशीच भांडायची. तिने औषधाचा पंप त्याच्या हातात दिला. "घ्या. आणि नाटकं नकोत."

त्याने पंप तोंडात धरला, बोटाने दाबला. फुस्. फरक शून्य. पुन्हा दाबला. ओठ निळसर दिसायला लागले.

मुलगा गॅरेजमधून नुकताच आला होता. बूटही न काढता दारातच थबकला होता. बापाने पुन्हा पंप दाबला आणि तो ओरडला, "आई, काढून घे तो त्यांच्याकडून!"

"अरे, जीव चाललाय त्यांचा!"

"औषध आत जातच नाहीये. दाबताना श्वास कोंडून धरतात ते."

खरंच होतं. बापाचा उभा जन्म गाड्यांवर रंग मारण्यात गेला होता. स्प्रे गनचा खटका दाबायचा तो श्वास रोखून, म्हणजे रंग छातीत जात नाही, हे त्याचं ब्रह्मवाक्य. तोंडाला मास्क बांधणाऱ्याला तो 'दरोडेखोर' म्हणून चिडवायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; ही खोड तर त्याला मारायलाच निघाली होती. दवाखान्यातल्या मशीनचं बटण त्याला दाबावं लागायचं नाही, म्हणून तिथे श्वास मोकळा चालायचा.

"तू दाब," मुलगा आईला म्हणाला. "त्यांचा हात लागू देऊ नकोस."

तिने पंप नवऱ्याच्या ओठांत धरला. "डोळे मिटा. आधी श्वास सोडा. हं, आता ओढा." तिने दाबलं, त्याने ओढलं. थोडं थांबून पुन्हा. हळूहळू शिट्टी बारीक झाली, खांदे उतरले. ती मटकन त्याच्याशेजारी बसली आणि रडायलाच लागली. "महिनाभर मी तुम्हाला नाटकी म्हणत होते हो."

रंगाऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलण्यापुरता श्वास आला तसं त्याने मुलाला विचारलं, "तुला रे कसं कळलं?"

"तुम्ही पंप दाबलात," मुलगा म्हणाला, "आणि माझाही श्वास थांबला."

बापाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मुलाच्या पापण्यांवर निळा रंग बसला होता. नाकपुड्यांच्या आतही.