जादा शिखर

शमानं प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधाच्या आलेखावर विभागप्रमुख सबनीस सरांनी लाल पेनानं शून्य काढलं आणि वही तिच्यासमोर आपटली. “अ‍ॅस्पिरिनमध्ये हे जादा शिखर कुठून आलं? बाकी तेवीस जणांचे आलेख बघ, अगदी पुस्तकासारखे!”

शमाचे डोळे भरले. प्रयोग शिकवणाऱ्या मेघना मॅडमनी ते तेवीस आलेख टेबलावर पसरले आणि त्यांची कानशिलं तापली. सगळ्यांवर तारीख एकच होती, चार वर्षांपूर्वीची. एकाच कागदाच्या झेरॉक्स! मुलांना महिनाभर हातानं औषध बनवायला शिकवलं, ते यासाठी?

“सर, या तुम्ही वाटल्यात?”

“सगळ्यांचे हात लागले तर औषधात काय-काय आहे ते दाखवणारा हा लाखोंचा मास स्पेक्ट्रोमीटर बिघडेल. पण कॉलेजच्या तपासणीला तो वापरात दिसला पाहिजे, म्हणून हे आलेख.”

“शमानं हट्ट धरला म्हणून तिचा नमुना मी यंत्रात घातला. तिचं औषध अर्धवट बनलंय, जादा शिखर उरलेल्या कच्च्या मालाचं आहे; यंत्रानं तेच सांगितलं. तुम्ही खऱ्याला शून्य दिलंत!”

मॅडमनी झेरॉक्सचा गठ्ठा टराटरा फाडला. सर ओरडत राहिले, पण मॅडम यंत्राच्या खोलीचं कुलूप काढून मुलांकडे वळल्या. “आपापल्या बाटल्या घेऊन या.”

“मॅडम, चुकलं तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“चुकू दे,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या हातानं चुकू दे.”