पंतांचं पथ्य

"अजून दोन दाणे घातलेस तर काय बिघडेल?" शिंप्याने साळसूदपणे विचारलं.

"मास्तरांच्या कागदात नाही," बायको म्हणाली. हातात दाण्यांचा डबा घेऊन ती काचेच्या टाकीपाशी पाठमोरी उभी होती.

झालं. मास्तरांचा कागद निघाला की शिंप्याचं डोकं फिरायचं. मास्तर म्हणजे तिचा पहिला नवरा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, हिचं शिंप्याशी लग्न होऊन दोन. पण टाकीवर चिकटवलेला तो कागद जागचा हलला नव्हता. 'दाणे दिवसाआड, पंतांच्या डोक्याएवढेच. पाला रोज. सुकी कोळंबी क्वचित. मागतील, देऊ नये.' पंत म्हणजे मास्तरांचं कासव. हिच्या तोंडी कासवालाही अहो-जाहो आणि नवऱ्यालाही अहो-जाहो. शिंप्याला ही बरोबरी मुळीच मान्य नव्हती.

घरात उजेडाची खिडकी एकच. तिच्याखाली शिवणयंत्र बसलं असतं, तर काळ्या कापडावर काळा दोरा घालताना डोळे फोडावे लागले नसते. पण तिथे टाकी होती. "पंत आहेत तोवर त्यांना तिथून हलवायचं नाही. मी मास्तरांना शब्द दिलाय," असं तिने लग्नाआधीच सांगितलं होतं. शिंप्याने तेव्हा हो म्हटलं. तेव्हा काय, माणूस कशालाही हो म्हणतो. आणि खरं सांगायचं तर दुखणं खिडकीचं नव्हतंच. तिच्या मनात पहिली जागा कुणाची, हे त्याला रोज सकाळी त्या टाकीपाशी दिसायचं आणि अंगाची आग व्हायची.

तीन महिन्यांपूर्वी दोघं पंतांना घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. बाईंनी पंतांच्या पायांजवळची मऊ चरबी दाबून पाहिली होती.

"थोडं जास्त होतंय हं खाणं," त्या म्हणाल्या. "उपाशी कासव महिनोन्महिने तग धरतं, पण लाडाने भरवलेलं लवकर जातं. नीट सांभाळलंत तर अजून तीस वर्षं कुठे जात नाही."

तीस वर्षं. शिंप्याने त्यात स्वतःचं वय मिळवून पाहिलं. घरी येताना रस्ताभर तोही गप्प आणि तीही गप्प.

दुसऱ्याच दिवशी त्याने कासवाच्या दाण्यांचं वेगळं पाकीट आणून बटणांच्या डब्याखाली दडवलं. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसाआड ती दुपारी जेवायला घरी यायची, मधल्या दिवशी घर रिकामं. शिंप्याला तेवढं पुरे होतं. पंतही असे लबाड, की त्याची पावलं वाजली रे वाजली, काचेला नाक लावून पाय मारायला लागायचे.

"खा, खा," शिंपी म्हणायचा. "मास्तर कुठे बघायला आलेत."

फार टाकायची सोय नव्हती. दाणे तरंगत राहिले तर चोरी उघडी पडायची, म्हणून पाच मिनिटांत संपतील एवढेच. वर आपल्या ताटातला पाला आणि गाजराच्या चार फोडी. तिचं माप अधिक याचं माप, बेरीज आज ना उद्या दिसणारच होती.

आणि दिसतही होती. तिने सकाळी चिरलेला पाला संध्याकाळी कचऱ्यात जसाच्या तसा सापडायचा. पोट गच्च भरल्यावर पाला कोण खातो? हे पाहिलं की शिंप्याला बरं वाटायचं. मग जेवताना बायकोसमोर बसला, की मान खाली घालून जेवायचा.

तिच्या चिकाटीची मात्र कमाल होती. तीन महिने झाले तरी तिचा दाण्यांचा डबा संपला नव्हता. मोजून घालायचं म्हणजे किती मोजून. नवऱ्याच्या चहात हल्ली साखर दोनदा तरी पडायची नाहीतर पडायचीच नाही, पण पंतांच्या मापात चूक नाही. शिंपी तो चहा मुकाट्याने प्यायचा आणि मास्तरांच्या नावाने बोटं मोडायचा.

आज पंतांना पुन्हा दाखवायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काट्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. शिंपी मान उंचावून आकडा वाचायला बघत होता.

"वा," बाई म्हणाल्या. "वजन अगदी मापात. कवच छान, डोळे स्वच्छ, चरबीही उतरली. इतकं काटेकोर पथ्य पाळणारं शंभरात एखादंच घर असतं. आता तीस कसली, चाळीस वर्षं काढतील हे."

शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं. बेरीज कुठे चुकली तेच कळेना. बायकोने आकडा दोनदा विचारून घेतला, मग स्वतः वाकून पाहिला.

परतताना बसमध्ये पंतांची टोपली शिंप्याच्या मांडीवर होती. बायको खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले, आणि मग शिंप्याला राहवलं नाही.

"रड, आनंदाने रड," तो म्हणाला. "जिंकला तुझ्या मास्तरांचा कागद. माझ्यासाठी कधी इतकं मनापासून केलंयस काही?"

ती वळली. टोपलीत पंतांनी मान बाहेर काढून शिंप्याच्या बोटाशी नाक आणलं होतं. ती ते बघत राहिली.

"तुमच्यासाठीच करत होते हो," ती हळूच म्हणाली. "दिलेला शब्द मोडवेना आणि तुमचा जळफळाट बघवेना. तीन महिने नुसता डबा घेऊन उभी राहतेय मी. एक दाणा म्हणून घातला नाही पंतांना."