बशीवरचा डाग

काचेच्या नळीच्या टोकाला ज्योत धरली तशी चावडीपुढं बसलेली सगळी माणसं मागं सरकली. गहिनीनाथला मनातून गोड वाटलं. हैदराबादला बी.एस्सी.च्या वर्गात त्याला कोणी विचारत नव्हतं, आणि इथं युसूफ वडगावात अख्खं गाव त्याच्या हाताकडं बघत होतं.

त्याच्या वडिलांचा, सुंदररावांचा, खिलारी बैल काल गोठ्यात फेस गाळून मेला. पंधरवड्यातला हा दुसरा. मेलेलं जनावर ओढून न्यायचं आणि कातडं ठेवून घ्यायचं, हा सटवाच्या घराचा पिढीजात हक्क. त्यामुळं कातड्यापायी त्यानंच सोमल, म्हणजे विष, चारला, हे कोणी बोलून दाखवायच्या आधीच सगळ्यांना पटलेलं होतं. सटवा खाली उतारावर, साऱ्यांपासून लांब, उकिडवा बसला होता. सोमल निघाला तर त्याला अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदाराच्या, ताब्यात द्यायचं ठरलं होतं. पण अमीनसाहेब केजहून येईपर्यंत तो धड राहील, असं तिथल्या काठ्यांकडं बघून वाटत नव्हतं.

"मानूस खोटं बोलंल," गहिनीनाथनं मघाशीच ऐटीत सांगितलं होतं. "ही बाटली बोलायची न्हाई."

नळी बसवलेल्या बाटलीत जस्ताचे तुकडे होते, त्यावर गंधकाचा तेजाब, म्हणजे आम्ल. शुद्ध जस्त हैदराबादेहून आणायचं राहिलं, म्हणून सकाळी तांबटाकडून मागून आणलं होतं. आता त्यानं बैलाच्या पोटातून काढून गाळलेलं पाणी बाटलीत सोडलं आणि ज्योतीवर चिनी मातीची बशी धरली; सोमल असला तर तिच्यावर काळं येईल, हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. पांढऱ्या बशीवर काळा, चकचकीत डाग उमटला.

"निगाला!" राधाकिशन दुकानदार ओरडला. सुंदररावांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला. असा हात त्यांनी आजवर कधी ठेवला नव्हता.

त्या हाताखालीच गहिनीनाथला त्याचे प्रोफेसर आठवले. दर वेळी तेच सांगायचे, "पैले खाली पानी चलाओ मियाँ, मुर्दा बाद में." आधी नुसतं पाणी घालून बघायचं. त्यालाही डाग आला तर दोष आपल्याच सामानाचा, कारण कच्च्या जस्तातच सोमल असतो. घाईत आणि कौतुकात तो नेमकं तेवढंच विसरला होता.

गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? बापाची भीती वाटली, फजितीची त्याहून जास्त वाटली. मग त्याची नजर उतारावर गेली. सटवा त्याच्याकडंच बघत होता.

"थांबा," तो म्हणाला. "आनखी एकदा करतो."

त्यानं बाटली धुतली, नवं जस्त घातलं, तेजाब ओतला, नळीचं टोक परत पेटवलं. शेजारच्या विहिरीवरून भरल्या घागरी घेऊन बाया येत होत्या. "काकी, जरा पानी द्या," तो केशरबाईंना म्हणाला. तेच पाणी त्यानं बाटलीत सोडलं आणि बशीची कोरी बाजू ज्योतीवर धरली.

तसाच काळा डाग आला.

गहिनीनाथ सुटल्यासारखा हसला. "बघा! निसतं हिरीचं पानी टाकलं, तरी बी काळंच आलं!"

वर्गात एवढं म्हटलं की काम संपतं. इथं माणसं बशी सोडून घागरींकडं बघू लागली. केशरबाईंनी घागर हळूच खाली ठेवली आणि ओला हात पदराला पुसला, परत पुसला.

"म्हंजी," राधाकिशन सावकाश म्हणाला, "हिरीत बी टाकला?"

"न्हाई! हिरीत काई न्हाई. जस्तातच हाय. तुमी कुटलं बी पानी आना, नदीचं आना, काळंच येनार!"

एका बाईनं पोराला ओढून पोटाशी धरलं.

"आवो, सकाळपसून समदेच पितायत की ते पानी! कुनाला काय झालं का?" गहिनीनाथचा आवाज चिरकला. दोघातिघांचे हात आपोआप पोटावर गेले.

सुंदररावांनी लेकाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. "मगाशी तूच म्हनला ना, बाटली खोटं बोलत न्हाई?"

"आबा, माजं चुकलं. म्या आदी बघाया पायजे हुतं."

"तुजं काई चुकलं न्हाई. तू बस."

आता सटवा उभा राहिला. हात जोडून, जागचा न हलता तो म्हणाला, "मालक, त्या हिरीच्या कठड्याला हात लावला असता, तर तुमी मला आजवर जित्ता ठिवलं असतं का?"

क्षणभर गहिनीनाथला वाटलं, आता पटेल. सटवाला त्या विहिरीची पायरीही बंद, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तेवढ्यात केशरबाईंनी घागर आडवी केली. त्यांचं बघून बाकीच्या बायांनीही आपापल्या घागरी रित्या केल्या. चावडीपुढून पाण्याचा लोट उतारानं खाली निघाला, थेट सटवाच्या पायांकडं.

वरच्यांच्या पाण्याला आपला पाय लागू नये, म्हणून सटवा लगबगीनं बाजूला सरला. जन्मभर सरत आला होता, तसाच.

"बघा," राधाकिशन म्हणाला, "त्याला ठावं हाय पान्यात काय हाय ते."

काठ्या घेऊन सगळे उठले.